डाव सोडताना

“वही ठेव बाजूला. मला काय दिसतंय ते ऐक,” विजयसिंह म्हणाले. अजिनाथने पेन खिशाला लावलं.

केजच्या बाजारामागे अजिनाथचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचं दुकान होतं. रविवारी दुपारी तिथे चौघे जण पोकर खेळत. हा खेळ विजयसिंहांनी फौजेतून आणलेला. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मधे एकेक करून उघडायचे पाच, आणि पैशांच्या जागी चिंचोके.

अजिनाथ वर्षभर हरत होता. मोटार का जळली हे तारेचा वेढा पाहून सांगणारा माणूस. आपली चूकही अशीच सापडेल असं त्याला वाटलं. म्हणून त्याने वही सुरू केली. हातात काय होतं, आपण काय केलं, तेव्हा मनात काय होतं, सगळं लिहायचा. घरी एकटाच चौघांचे पत्ते मांडून खेळायचा. तरी हरणं थांबेना. शेवटी त्याने विजयसिंहांनाच विचारलं होतं, माझं चुकतं कुठं?

“डाव गेला हे तुला आमच्या आदी कळतंय,” विजयसिंह म्हणाले. “पण डाव सोडायच्या जागी, एवढे चिंचोके घातलेत म्हणून तू आणखी घालतोस. हरायचं भ्या न्हाई तुला. आपलं चुकलं हे चौघात दिसायचं भ्या हाय.”

बाकीचे हसले. अजिनाथही हसला.

संध्याकाळी त्याने वही चाळली. बहुतेक हरलेल्या डावांत तेच होतं. बायको, मंजुळाबाई, ज्वारी निवडत बसली होती. त्याने तिला विजयसिंहांचं बोलणं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

“पत्त्याचं मला कळत न्हाई,” ती म्हणाली. “पण राजनंदिनीला तीनदा माघारी धाडली, तवाबी तुमी हेच म्हणला. एवढं थाटात लगीन लावलं, आता मोडलं तर लोक काय म्हणतील.”

अजिनाथने वही मिटली.

त्यांची लेक राजनंदिनी आष्टीला दिली होती. नवरा, बजरंग, मारायचा. ती तीनदा माहेरी आली आणि तिन्ही वेळा अजिनाथच तिला एसटीने सोडून आला. पहिल्यांदा ती रडली, दुसऱ्यांदा भांडली. तिसऱ्यांदा तिने आपणहून पिशवी भरली होती. त्याला आठ महिने झाले होते.

सकाळी त्याने दुकान उघडलं नाही. बीडला गाडी बदलून तो दुपारी आष्टीला पोचला. विहीणबाई बायनाबाईंनी चहा टाकते म्हणून सांगितलं. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. बजरंग म्हणाला, चार माणसं बसवू, मग काय ते ठरवू.

“माणसं बसवा न्हाईतर नका बसवू. माझं चुकलं. लेक घिऊन चाललो मी,” अजिनाथ म्हणाला.

राजनंदिनी आतून आली. बापाकडे बघत तिने विचारलं, “किती दिसांसाठी?”

“आता हिकडं यायचंच न्हाई.”

ती आत गेली. पिशवी भरायला तिला फार वेळ लागला नाही.

एसटीत ती खिडकीशी बसली, तो तिच्या उजवीकडे. वाक्य त्याने येतानाच जुळवून ठेवलं होतं. गाडी गावाबाहेर पडल्यावर तो खाली बघत म्हणाला, “पयल्यांदा आलतीस तवाच तुला ठिवून घ्यायला पायजे होतं. मी चुकलो, बाई.”

ती बाहेर बघत राहिली. मान वळवली नाही. आपल्याला माफी नाही, असं त्याने धरलं, आणि ते त्याला बरोबरच वाटलं.

थोड्या वेळाने कंडक्टर आला. पिशवी वाटेतून आत घ्या म्हणून त्याने तिला दोनदा सांगितलं. ती हलली नाही. अजिनाथने तिच्या खांद्याला हात लावला, तशी ती दचकून वळली.

“आण्णा, या उजव्या कानानं ऐकू येत न्हाई. तुमी काई म्हणलात का?”

“कवापसून?”

“मागल्या खेपेला तुमी सोडून गेलात ना, त्याच्या दुसऱ्या दिशी.”

तिच्या आवाजात राग नव्हता. कंडक्टरने खूण केली तशी तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

अजिनाथ उठला. तिला वाटेच्या बाजूला सरकायला सांगून तो खिडकीशी, तिच्या डाव्या बाजूला बसला. ती ऐकायला थांबली होती. तेच वाक्य पुन्हा म्हणायला त्याला बीड येईपर्यंतचा वेळ लागला.