बाळकाकांचं दार

माणसं देव बघायला जातात, गेला बाजार एखादी जत्रा तरी बघायला जातात. बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत दर गुरुवारी संध्याकाळी माणसं एक कुलूप बघायला जात होती. अंबरनाथहून येत होती, उल्हासनगरहून रिक्षा करून येत होती. कर्णिकांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटबाहेर चपलांचा एवढा ढीग पडायचा, की खालच्या मजल्यावरच्यांना आपल्याच दारात पाय ठेवायला जागा राहायची नाही. कोणी कुलपाला हळद-कुंकू वाहायचं, कोणी हार घालायचं. हारामुळे कुलपाचे आकडे दिसायचे नाहीत, मग कुंदाताई हार जरा बाजूला सारायच्या.

कुलूप बाळकाकांनी आणलं होतं. कुंदाताईंचे यजमान बाळ कर्णिक चावी विसरण्यात पटाईत. कंपनीतून यायचे आणि कुंदाताई देवळात गेल्या असल्या, की जिन्यात बसून राहायचे. शेवटी वैतागून उल्हासनगरच्या बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, "अंकल, चाबी का झंझटच खतम. बोट लावा, नाहीतर मोबाइलवरून उघडा. दुबईत बसून बदलापूरचं दार उघडेल, साईं." बाळकाकांना दुबईला जायचं नव्हतं, तरी त्यांनी घेतलं. घरातल्या चौघांची बोटं त्यात नोंदवली. आपली, कुंदाताईंची, मुलगा वरदची आणि सून श्रद्धाची. नात इरा लहान, तिला आतून कोणीतरी उघडत असे. कोणीही दार उघडलं, की त्याचं नाव कुंदाताईंच्या फोनवर यायचं. ही सोय बाळकाकांना फार आवडायची. पुढे त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले.

त्यांचं नाव कुलपातून काढायला कुंदाताई तयार नव्हत्या. दारावरच्या पाटीवरून मेलेल्या माणसाचं नाव कोणी लगेच खरवडतं का? तसंच हे. वरद म्हणाला, राहू दे, काय बिघडतं. बाबांचा जीव त्यांच्या फोनमध्ये होता म्हणून फोनही त्याने अस्थींबरोबर उल्हास नदीत सोडला. निदान घरी येऊन तसं सांगितलं. त्या दिवशी मुलाच्या मायेने कुंदाताईंना भरून आलं होतं.

आणि एका गुरुवारी, बाळकाका कंपनीतून यायच्या वेळेला, खट् झालं. बिजागरं जरा कलती असल्यामुळे दार आपोआप वीतभर आत सरकलं. दाराबाहेर कोणी नव्हतं. कुंदाताईंच्या फोनवर नाव आलं होतं: बाळ.

जिवंतपणी या गृहस्थांना वेळेवर घरी येणं कधी जमलं नव्हतं. मेल्यावर ते दर गुरुवारी घड्याळ लावून यायला लागले. कुंदाताई रडल्या, त्यांनी चहा टाकला, कप दारापाशी ठेवला. त्यांच्या जागी कोणीही हेच केलं असतं. पुढच्याच आठवड्यात वरद नाथा महाराजांना घेऊन आला.

नाथा महाराज पूर्वी उल्हासनगरात मोबाइलची कव्हरं विकायचे. ध्यानधारणा त्यांना जमायची की नाही देव जाणे, पण तोंड चालवणं उत्तम जमायचं.

"माई, आत्मा म्हणजे काय?" ते विचारायचे, आणि कोणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच सांगायचे. "आत्मा म्हणजे वायरलेस. शरीर म्हणजे हँडसेट. हँडसेट फुटला म्हणून सिम मरतं का? नाही मरत. नेटवर्क शोधत फिरतं. काकांचं नेटवर्क म्हणजे हे दार."

लोक माना डोलवायचे. शिकलेले जास्त डोलवायचे, कारण त्यांना वायरलेस कळायचं.

एकदा कुलूप मधूनच कुंईकुंई करायला लागलं, लाल दिवा लागला. महाराज म्हणाले, काकांना भूक लागलीय. लगेच मोदकांचा नैवेद्य झाला. दुसऱ्या दिवशी वरदने कुलपातले सेल बदलले आणि कुंईकुंई थांबली. श्रेय मोदकांना गेलं.

इथपर्यंत ही हसण्यावारी न्यायची गोष्ट होती. पुढे ती तशी राहिली नाही.

एक दिवस कुलपाने श्रद्धाचं बोट घेणं सोडलं. तिने बोट पुसून लावलं, दुसरं लावलं, नंबर दाबून पाहिला, कुलूप प्रत्येक वेळी नकाराचा सूर काढायचं. कुंदाताईंचं पिठाचं बोटसुद्धा घेणारं कुलूप सुनेला ओळखेना. महाराजांनी डोळे मिटले.

"काका हिला घरात घेत नाहीत," ते म्हणाले. "का घेत नाहीत ते मला विचारू नका माई, बाईमाणसाची अब्रू आहे. पण आतून कोणी हिला दार उघडायचं नाही. उघडलंत तर काका जातील, ते परत यायचे नाहीत."

कुंदाताईंनी सुनेकडे पाहिलं. इतकी वर्षं जिच्या हातचं जेवल्या, तिच्यात आता त्यांना काहीतरी दिसायला लागलं. काय, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण दिसायला लागलं खरं.

सोमवारी श्रद्धा कामावरून आली ती भाजीची पिशवी घेऊन दाराबाहेर उभी राहिली. आत इरा दाराला चिकटून "आई, आई" करत होती. तिचा हात दाराच्या दांड्याकडे गेला तशी कुंदाताईंनी तो फटकन खाली मारला. "आजोबा रागावतील," त्या म्हणाल्या. बाहेरून श्रद्धा म्हणाली, "आई, अहो, तिला ताप आहे, निदान औषध तरी देऊ द्या." कुंदाताई खुर्चीत बसून राहिल्या. शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या अस्मिता शेजवळने श्रद्धाला आपल्या घरी नेलं.

अस्मिता अंबरनाथ पूर्वेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. दुसऱ्या दिवशी ती येऊन म्हणाली, "काकू, कुलूप माणसाची लायकी ओळखत नाही. त्यात बोट नोंदवलेलं असतं किंवा नसतं, एवढंच."

"तुमच्यात देव मानत नाहीत," कुंदाताई म्हणाल्या. "तुम्हाला काय कळणार आमच्या घरातलं?"

"विज्ञान तुमच्यात आणि आमच्यात वेगळं शिकवत नाहीत, काकू," अस्मिता म्हणाली. "गुरुवारी मी आले तर चालेल ना?"

नाही म्हणायला कारण नव्हतं. गुरुवारी तर अख्खं बदलापूर यायचं.

त्या गुरुवारी निकाल होता. महाराज काकांना प्रश्न विचारणार होते: सुनेने घर सोडावं का आणि नात इथेच ठेवावी का? दार उघडलं तर होय. हॉल गच्च भरला. दार बंद करून श्रद्धाला बाहेर जिन्याजवळ, लोकांच्या घोळक्यात उभं केलं. इराला कुंदाताईंनी मांडीवर दाबून धरलं होतं. वरद कुर्त्याच्या खिशात हात घालून भिंतीला टेकला होता. अस्मिता टीव्हीशेजारी, राऊटरला पाठ लावून बसली.

महाराजांनी घंटा वाजवली. "बाळाजी, या. लेकराचा प्रश्न आहे. सुनेने जावं का? नात राहावी का? होय असेल तर दार उघडा."

दार उघडलं नाही.

महाराजांनी पुन्हा घंटा वाजवली. पुन्हा विचारलं. मग मोठ्याने विचारलं. दार ढिम्म. वरदचा खिशातला हात हालत होता. बाळकाकांचं उत्तर आलं नाही म्हणून कुंदाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं.

"आज इथे कोणी नास्तिक बसलंय," महाराज घाम पुसत म्हणाले. "सिग्नलला अडथळा येतोय."

"येतोय खरा," अस्मिता म्हणाली. "मी राऊटरची पिन काढलीय. आत्म्याला वायफाय लागतं हे मला माहीत नव्हतं, महाराज. परत लावते." तिने पिन लावली. "दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर काकांना बोलवत राहा."

आता इथे शहाण्या माणसाने हात आवरता घेतला असता. पण घाबरलेल्या माणसाचं बोट थांबत नाही. राऊटरचे दिवे हिरवे झाले, आणि खट् करून दार वीतभर सरकलं. कोणीतरी हात जोडले. तेवढ्यात उघड्या दाराच्या कडेतून कुलपाची जीभ बाहेर आली, आत गेली, पुन्हा बाहेर आली, पुन्हा आत गेली. कुंदाताईंच्या फोनवर टुंग टुंग चालू झालं. बाळ. बाळ. बाळ. एखाद्याला उचकी लागावी तसं ते कुलूप उचकत होतं.

मागच्या रांगेत एक पोरगं हसलं. "काका येताहेत का चाललेत? एक काय ते ठरवा म्हणावं."

"काकू," अस्मिता म्हणाली, "वरदला खिशातला हात बाहेर काढायला सांगा."

कुंदाताईंनी सांगितलं नाही. त्या उठल्या, लोकांमधून वाट काढत गेल्या आणि वरद लहानपणी खोबऱ्याचा तुकडा लपवायचा तेव्हा धरायच्या तसं त्यांनी मुलाचं मनगट धरून बाहेर ओढलं. हातात फोन होता. कोपरा फुटलेला, मागे गणपतीचं स्टिकर. ते त्यांनीच लावलं होतं, ह्यांचा फोन सारखा हरवतो म्हणून.

"हा नदीत सोडला होतास ना?" त्यांनी विचारलं.

"आई, तू आत चल, मी सांगतो..."

"नदीत सोडलास म्हणून मी तुला जवळ घेऊन रडले होते, वरद."

महाराज घंटा पिशवीत टाकत होते. "माई, आत्मा कधी कधी मुलाच्या हातून कार्य करून घेतो..." पण त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत कोणीतरी त्यांची पिशवी जिन्यावरून खाली फेकली. पिशवीमागे महाराजही गेले.

अस्मिताने तो फोन घेऊन सगळ्यांना दाखवला. फोन काकांचा, त्यातून दार उघडलं की नाव काकांचंच येणार. आणि याच फोनवरून श्रद्धाचं बोट पुसून टाकलं होतं, नंबरही बदलला होता. कुलपात तीनच नावं उरली होती: बाळ, कुंदा, वरद. महाराजांनी प्रश्न विचारायचा, मुलाने खिशात बटण दाबायचं. एवढी ती करामत. ज्यांनी मोदक केले होते त्या बायका एकमेकींकडे बघेनात.

"पण का?" कुंदाताई म्हणाल्या.

उत्तर दाराबाहेरून आलं. "मी सांगते, आई," श्रद्धा म्हणाली. "ह्यांना मी नको होते. घटस्फोट मागितला असता तर लोकांनी कारण विचारलं असतं. कारण अंबरनाथला राहतं. मला ठाऊक होतं. पण वडिलांना मध्ये घालतील हे ठाऊक नव्हतं."

बायको टाकली असं चार लोकांत म्हणवून घ्यायची वरदची तयारी नव्हती. मेलेल्या बापाने सून टाकली तर ते त्याला चालणार होतं.

कुंदाताईंनी अस्मिताच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवलं. "तिचं बोट परत घाल बाई त्यात. आत्ता, सगळ्यांसमोर."

अस्मिताने घातलं. तिने सांगितलं तसं श्रद्धाने बोट टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. दार लावून घेतलं. मग बाहेरून खट् झालं आणि दार सरकलं. कुंदाताईंच्या फोनवर नाव आलं: श्रद्धा.

"ये," कुंदाताई म्हणाल्या. "उघडलं बघ. ये आत."

श्रद्धा उंबऱ्याबाहेरच थांबली. "इरा, चल," ती म्हणाली. इरा आजीच्या शेजारून पळत गेली आणि आईच्या कमरेला चिकटली. "आम्ही उल्हासनगरला माझ्या आईकडे जातो."

"अगं, मला फसवलं गं ह्याने. मला काय माहीत..."

"तुम्हाला ह्यांनी फसवलं, खरं आहे," श्रद्धा म्हणाली. "पण सोमवारी दाराच्या आत तुम्ही होतात, आई."

लोक पांगले. चपला शोधताना खूप वेळ गेला. एका बाईने जाता जाता कुलपाला हात लावून तो डोळ्यांना टेकवला. सवय, दुसरं काय. त्याच आठवड्यात वरदही बॅग भरून गेला. कुठे गेला हे विचारायची कुंदाताईंना गरज नव्हती. अंबरनाथ काही लांब नाही.

पुढच्या गुरुवारीसुद्धा नारळ घेऊन दोन-चार माणसं आलीच. ज्यांना कळलं नव्हतं ती आली, आणि ज्यांना कळूनही पटलं नव्हतं तीही आली. कुंदाताईंनी सगळ्यांना दारातच उभं केलं.

"इथे कोणी येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा फोन दाबत होता. तुमच्याकडे असं काही झालं तर हात जोडायच्या आधी त्या कुलपात कोणाची बोटं आहेत ते बघा. ज्याला ते सांगता येत नाही त्याला महाराज म्हणू नका. आणि हे बघा."

त्यांनी दार लावलं आणि आतून उघडून दाखवलं. मग पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. बाळकाकांनी घेतलेल्या त्या महागड्या कुलपाला बाहेरून बोट लागत होतं, नंबर लागत होता, मोबाइल लागत होता. आतून काहीच लागत नव्हतं. नुसता दांडा खाली करायचा होता. तापाने फणफणलेल्या इरालाही ते कळलं होतं, आणि तिचा हात कुंदाताईंनी खाली मारला होता.