अण्णांचा फ्रेम रेट

अण्णांच्या वर्षश्राद्धाला पाहुणे जमायला थोडाच वेळ उरला होता आणि इकडे उत्कर्षाच्या लॅपटॉपवर तिचे वडील, अण्णा, सशासारखे पळत होते.

अण्णांचा व्हिडिओ असा हा एकच. कोळवणच्या याच घराच्या अंगणात आईने छोट्या कॅमेऱ्यावर घेतलेला, बिनआवाजाचा. गोठ्यामागून अण्णा येतात, अंगण ओलांडतात, टोपी उडते, संपलं. जेवणं झाली की तो सगळ्यांना दाखवायचा होता. पण अण्णा जन्मात कधी पळाले नव्हते. डोळ्यांदेखत एसटी सुटली तरी हात पाठीमागे बांधून म्हणायचे, "पुढची येईल." ही पळापळ बघून मामा हसले असते, आणि आज अण्णांना कोणी हसलेलं तिला चालणार नव्हतं.

चूक फ्रेम रेटची, हे तिने ठरवून टाकलं. फाईलमध्ये सेकंदाला किती चित्रं आहेत ते सांगणारी छोटीशी स्क्रिप्ट तिने लिहिली. उत्तर आलं, तीस. पुन्हा चालवली. तीस. सगळी चित्रं मोजून सेकंदांनी भागली, तरी मेलं तीसच.

"फाईल खोटं बोलतेय," ती पुटपुटली. "कॅमेऱ्याने पंधराच काढली असणार."

तिने पंधरा केले. अण्णांचा वेग निम्म्यावर आला आणि त्यांना एकदम भारदस्तपणा आला. तिचे डोळे भरून येणार, तोच पदराला हात पुसत आई मागे येऊन उभी राहिली.

"अगं, ती टोपी हवेत काय करतेय?"

टोपी खरंच पिसासारखी निवांत खाली उतरत होती. म्हणजे तीसच बरोबर होते.

"आई, अण्णा पळाले होते?"

आई उगाच दाराकडे बघू लागली. "त्यांनी मला शपथ घातली होती."

"कसली?"

"कोणाला सांगायचं नाही म्हणून. शेजारच्या म्हसूचा बोकड मागे लागला होता. म्हसू बांधावरून ओरडतोय, 'सायेब, पळा! त्यो लई वंगाळ हाय!' आणि हे टोपी टाकून सुसाट."

"पण बोकड कुठे दिसत नाही."

"दिसेपर्यंत थांबायला मी काय खुळी आहे? कॅमेरा बंद केला आणि पळाले. तुझ्या अण्णांच्याही पुढे!"

उत्कर्षा वर्षभरात पहिल्यांदा पोट धरून हसली. बाहेर मामांची जीप थांबली.

"आता गं काय दाखवणार?" आईने घाबरून विचारलं.

उत्कर्षाने पंधराचे पुन्हा तीस केले.

"शपथ तुला घातली होती," ती म्हणाली, "मला नाही."