तीन मुके

आमच्या डच मुलखात, फ्रीसलंडात, वाढदिवस एकाचा आणि अभिनंदन साऱ्या घराचं. गोल मांडलेल्या खुर्च्यांवरून फिरायचं, प्रत्येकाच्या गालावर तीन मुके द्यायचे. यंदा मात्र मी हातांना लावायच्या जंतुनाशक जेलची बाटली घेऊन दारातच उभी. माझी नात फेना पाच वर्षांची होत होती आणि तिची अस्थिमज्जा बदलून जेमतेम अडीच महिने झाले होते.

"काय गं सित्स्के, पहारेकरी झालीस वाटतं?" नणंद आफके म्हणाली.

"झाले. आधी हात पुढे कर. आणि मुका नाही म्हणजे नाही!"

एवढी मी शहाणी. तीन आठवड्यांपूर्वी माझे डोळे आले होते, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. असल्या दुखण्याचा आम्ही बोभाटा करत नाही. आठवड्याभरात डोळे निवळले, माझ्या लेखी विषय संपला.

सगळे केक खात असताना फेनाने हळूच गाल पुढे केला. "आजी, तू तरी दे ना! नाहीतर वाढदिवस झालाच नाही."

मला राहवलं नाही. तीन दिले.

दहाव्या दिवशी फेनाला ताप आला, मग जुलाब, मग अंग पिवळं पडलं.

"अडेनोव्हायरस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाआम्हाला झाला तर सर्दी, घसा, जुलाब, नाहीतर डोळे येतात. आपण बरे होतो, तरी तो कित्येक आठवडे अंगातून बाहेर पडत राहतो. जेलला नीट दाद देत नाही, हात साबणानंच धुवावे लागतात. फेनाच्या अंगात त्याच्याशी लढायला काही नाही. यकृतापर्यंत पोचलाय."

"औषध?" माझ्या लेकीने, रेन्स्केने विचारलं.

"चालू आहे. गुण येत नाही."

"आला कुठून?"

"सांगता येणार नाही. कधी मुलाच्याच अंगात दडलेला असतो."

माझ्या मेलीच्या मनाला ते पटेना. बाई गेल्यावर मी रेन्स्केचा हात धरला. "रेन्स्के, वाढदिवसाच्या आधी माझे..."

"आई, नको."

"ऐक तरी."

"नाही ऐकायचं!" तिने हात सोडवला नाही, उलट घट्ट धरला. "फेना जाणार आहे, आई. त्यानंतर मला तू लागशील. कुणामुळे झालं ते सांगू नकोस मला. कधीच नको."

मी तोंड मिटून घेतलं.