तीन महिन्यांचं ऑइल

मिस्त्रीने डिपस्टिक ओढून काढली, चिंधीने पुसली, पुन्हा आत घालून काढली आणि उजेडात धरली. मास्तर गॅरेजच्या दारातल्या बाकावर जरा पुढे सरकले. आता हा विचारेल, असं त्यांना वाटलं.

मिस्त्रीने गाडीचं दार उघडून किलोमीटर पाहिले. दाराच्या कडेला त्यानेच चिकटवलेली मागच्या ऑइलबदलाची चिठ्ठी वाचली आणि पुन्हा किलोमीटर पाहिले.

"मास्तर, ऑइल नवंकोरं आहे. दीड महिनाच झालाय."

"असू दे. आलोय तर बदला."

"पण दीड महिन्यात पंधराच किलोमीटर..." एवढं बोलून तो थांबला. मास्तरांकडे बघत राहिला, आणि मग जॅक आणायला गेला.

इतर गिऱ्हाइकांना तो पाच हजार किलोमीटर नाहीतर सहा महिने सांगायचा. मास्तरांची गाडी मात्र घर ते इस्पितळ एवढीच धावायची, जेमतेम दोन किलोमीटर, आठवड्यातून तीनदा, बायकोच्या डायलिसिससाठी. "इंजिन तापतच नाही हो. ओलावा आतच राहतो आणि ऑइलची वाट लागते. तुम्ही आपले तीन महिन्यांनी येत जा," असं त्याने पहिल्याच खेपेला बजावलं होतं. मास्तरांनी जन्मभर चित्रकला शिकवलेली, यंत्रातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण गेल्या तीन वर्षांत त्यांनी ही तारीख कधी चुकवली नाही.

सुरुवातीला बायकोही सोबत यायची. काच खाली करून मिस्त्रीची फिरकी घ्यायची.

"माझं रक्त आठवड्यातून तीनदा धुतात, हिचं तीन महिन्यांतून एकदा. तरी ठणठणीत हीच!"

मिस्त्री हसता हसता पाना खाली टाकायचा. पुढे तिला इथे तेवढा वेळ बसवेना, तेव्हा मास्तर एकटेच येऊ लागले. मग बॉनेट उघडता उघडता मिस्त्री विचारायचा, "वहिनी कशा आहेत?" आणि मास्तर म्हणायचे, "चाललंय."

ती जाऊन पाच आठवडे झाले होते. शेजारी, नातेवाईक, दूधवाला, सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तर दिसले की सगळे आवाज खाली आणत, आणि त्या दबलेल्या आवाजांचा त्यांना वीट आला होता. ठाऊक नव्हतं ते फक्त इथे. इथे ती अजून घरी होती, उशी नीट लावली नाही म्हणून कुरकुरत त्यांची वाट बघत होती. एकदा, शेवटचं एकदाच, "चाललंय" म्हणून बघायचं होतं. तेवढ्यासाठी ते मुदतीच्या कितीतरी आधी आले होते. या वयात खोटं बोलायला निघालो, याची त्यांना लाजही वाटत होती.

मिस्त्रीने गाडीखाली घमेलं सरकवलं आणि बोल्ट सैल केला. एरवी डांबरासारखं काळंकुट्ट ऑइल पडायचं. आज पिवळसर, पारदर्शक धार लागली. घमेल्याचा तळ तिच्यातून स्वच्छ दिसत होता. मास्तर बघत राहिले. मिस्त्रीही बघत होता, पण त्याने मान वर केली नाही.

फिल्टर बदलला, नवं ऑइल ओतलं, इंजिन दोन मिनिटं चालू ठेवून पाहिलं. सगळं नेहमीसारखंच, फक्त मुकाट्याने. शेवटी तो हात पुसत उभा राहिला.

"आज विचारलं नाहीत," मास्तर म्हणाले. आवाज आपला नसावा असा त्यांना वाटला.

मिस्त्री बराच वेळ बोटं पुसत राहिला. पुसण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. मग तो बाकावर, मास्तरांच्या अगदी शेजारी येऊन बसला.

"वहिनी कशा आहेत?" त्याने विचारलं. नेहमीच्याच आवाजात, मुद्दाम.

उत्तर तयार होतं. येताना गाडीत मास्तरांनी ते दोनदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं होतं.

"गेली," ते म्हणाले.

हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने कुणाला सांगायची ही पहिलीच वेळ होती. बाकी सगळ्यांना मुलीने फोन केले होते.