जन्मस्थळ: हासेलवेर्ड

हासेलवेर्डमध्ये एकवीस वर्षांत एकही मूल जन्मलं नव्हतं. म्हणजे बायका बाळंत होत होत्या, पण शेजारच्या लोर्नबर्ग गावच्या इस्पितळात. गावातला प्रसूतिविभाग केव्हाच बंद पडला होता. नगरपालिकेच्या जिन्यात गावात जन्मलेल्या नामवंतांचा फलक होता. एक ऑर्गन बनवणारा, दोन बिशप, शेवाळावर पुस्तक लिहिणारी एक बाई, अशी अठरा नावं. नियम एकच, जन्म हद्दीच्या आत हवा. हा नियम गावचा इतिहास सांभाळणाऱ्या एकहार्टनेच हट्टाने करून घेतला होता, आणि आता तोच त्याच्या मानगुटीवर बसला होता. त्याच्या घरात नातवंड येणार होतं, तेही लोर्नबर्गकर म्हणून!

मंगळवारी सकाळी त्याच्या लेकीला, स्वेन्याला, कळा सुरू झाल्या. जावई हॅम्बुर्गहून निघाला होता. एकहार्टने तिला गाडीत मागे बसवलं. हमरस्त्याने इस्पितळ वीस मिनिटांवर. तो मात्र साखर कारखान्याकडे वळला.

"पप्पा, इकडून कुठे?"

"तिकडे रस्ता खोदलाय."

रस्ता कोणी खोदला नव्हता. कारखान्यापाशी नऊला बीटाची मालगाडी येते आणि फाटक पाव तास पडून राहतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक. रूळ ओलांडले की लोर्नबर्गची हद्द, अलीकडे हासेलवेर्डच. स्वेन्या स्वतः तासाभरात जन्मली होती, त्यावरच त्याने हिशेब बांधला होता.

फाटक पडलं. एकहार्टने इंजिन बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. आरशात पाहिलं, घड्याळात पाहिलं. डबे सरकतच होते.

"पप्पा, येतंय ते! काहीतरी कर ना!"

आता मात्र त्याचं धाबं दणाणलं. रुग्णवाहिकेला फोन लावून तो मागच्या दाराशी धावला. फोनवरची बाई सांगत गेली, तो करत गेला. बाळ त्याच्या कोटात आलं, निळं, गप्प, गळ्याभोवती नाळ.

"वेढा सोडवा. पाठ चोळा. चोळत राहा."

"रड रे बाळा, रड. चुकलो मी, रड," तो पुटपुटत राहिला. आयुष्यात तो इतका कधी घाबरला नव्हता.

बाळ रडलं, तेव्हा तो रस्त्यावरच बसला.

फाटक उघडलं आणि पलीकडून रुग्णवाहिका आली. परिचारिकेने मायलेकांना तपासलं, मग कागद काढला. "जन्म कुठे झाला?"

स्वेन्या काचेतून वरच्या हमरस्त्याकडे पाहत होती. गाड्या बिनबोभाट धावत होत्या. तिने सावकाश बापाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"लोर्नबर्ग लिहा," ती म्हणाली.

"अहो, पण गाडी तर अलीकडे उभी आहे."

"नंतर मागे घेतली. विचारा ना ह्यांना. गावचा इतिहास हेच सांभाळतात."

हद्दीबाहेर चाळीस पावलांवर जन्मला म्हणून एका संगीतकाराचं नाव फलकावरून खरवडून काढणाऱ्या एकहार्टने बाळाकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "फाटकाच्या पलीकडे झाला."