लिएन पेणला आली तेव्हा

महिन्याच्या सुरुवातीला नूतनच्या फोनवर एक मेल येई. तो आला की ती गॅस बारीक करून ओट्याला टेकून उभी राही आणि सावकाश, शब्द जुळवत वाचत जाई. आधी बातम्या असत. सेनेगलचा कुणी प्राध्यापक झाला, ब्राझीलच्या बाईचं पुस्तक आलं, पोलंडचा मुलगा आणि मोरोक्कोची मुलगी यांनी लग्न केलं. मग पुढचे कार्यक्रम. कुठे मेळावा, कुठे व्याख्यान, कुणी या गावाकडे येणार असाल तर जरूर कळवा. शेवटी दर वेळी एकच ओळ असे : तुमचीही बातमी पाठवा.

“आलं का गो तुजं परदेशाचं पत्र?” सासू, कृष्णाबाई, बाहेरच्या खोलीतून विचारी.

“आलं.”

“काय म्हनतात?”

“बरे हायेत सगले.”

कृष्णाबाईंना तेवढं पुरे. नूतनला मात्र ते दिवसभर पुरे. आपली बातमी काय पाठवायची? नूतन, मुक्काम वरसे, तालुका रोहा. सकाळी नवऱ्याचा फर्स्ट शिफ्टचा डबा केला, दुपारी शेजारच्या मुलांची शिकवणी घेतली. तिला स्वतःशीच हसू येई, आणि मग हसू ओसरलं की काहीतरी आत राहून जाई.

ती मूळची पेणच्या खाडीकाठची. बाप काळुराम मिठागरात राबलेला, थोडी भाताची खारजमीन घरची. पेणच्या कॉलेजातून बीए झाल्यावर ती एका संस्थेत लागली. खाडीच्या पाण्याला अडवणारे मातीचे बांध कुठे खचलेत, कुठे फुटलेत, कुणाच्या शेतात खारं पाणी शिरलंय, याच्या नोंदी करत गावोगाव फिरायची. संस्थेच्या सरांनी एका आंतरराष्ट्रीय परिसंवादासाठी तिचं नाव पाठवलं आणि कुणाला वाटलं नव्हतं ते झालं. समुद्राकाठच्या जमिनींवर काम करणाऱ्या देशोदेशींच्या तरुणांत नूतन काळुराम म्हात्रे निवडली गेली. पोर्तुगालमधल्या किनाऱ्यावरच्या एका गावात तिने काही आठवडे काढले. थंडी अशी की मामीचा स्वेटर दिवसरात्र अंगात.

तिथे तिला लिएन भेटली. लिएन व्हिएतनामची, तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, तीही मिठागरवाल्यांची लेक. एके दिवशी सगळ्यांना तिथलं मिठागर दाखवायला नेलं. बाकीचे फळ्यांच्या वाटेवर उभे राहून फोटो काढत होते. या दोघींनी मात्र एकमेकींकडे न बघताच बूट काढले आणि खाली उतरल्या. तळपायाला तो चिखल लागला आणि नूतनच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी बघते तर लिएन वाकून पाण्यात बोट बुडवून चाखत होती.

“बरं आहे,” लिएन मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “पण माझ्या आईचं जास्त बरं.”

त्या दिवसापासून दोघी एकत्र. लिएनने शिकवलं, मोठ्या बहिणीला ‘ची’ म्हणायचं, धाकटीला ‘एम’. नूतनने तिला ‘गो’ शिकवलं. मग लिएन जेवायला बसताना हाक मारायची, “ये गो, एम!” आणि सगळं टेबल वळून बघायचं. निघताना विमानतळावर दोघींनी ठरवलं, मी तुझ्या गावाला येणार, तू माझ्या.

मग वर्षं गेली. संस्था बंद पडली. लग्न करून नूतन रोह्याला आली. ऋतुजा झाली. लिएनचे मेल आधी आठवड्याला, मग सणासुदीला, मग नाहीच. परिसंवादाच्या जुन्या सदस्यांना दर महिन्याला येणाऱ्या वार्तापत्रात तिच्या बातम्या मात्र येत : लिएन विभागाची प्रमुख, लिएन परिषदेत वक्त्या. नूतनने कितीदा अभिनंदन लिहायला घेतलं आणि आपलं इंग्रजी वाचून पुसून टाकलं.

यंदा दिवाळीनंतरच्या मेलमध्ये पुढच्या कार्यक्रमांत मुंबई हे नाव दिसलं. जानेवारीत आशियातल्या जुन्या सदस्यांचा मेळावा, आणि त्यातला एक दिवस पेणच्या खारजमिनींना भेट. खाली लिहिलं होतं की त्या भागातल्या आपल्या सदस्य नूतन म्हात्रे यांनी कृपया संपर्क साधावा. आणि येणाऱ्यांत पहिलं नाव लिएनचं.

नवरा, धनेश, ड्युटीवरून आला तेव्हा ती दारातच उभी होती.

“काय झालं? आई बरी ना?”

“लिएन येते.”

धनेशने हेल्मेट काढलं. लग्न झाल्यापासून ते नाव त्याने ऐकलेलं होतं. “कुठे, आपल्याकडे?”

“पेणला. मला गाव दाखवायला सांगितलंय. पण काय दाखवू मी, धनेश? तिथे हाय काय आता?”

“तू हायस ना,” तो म्हणाला. “त्या दिवशी मी रजा टाकतो. ऋतुजाचं आणि आईचं मी बघीन.”

पुढच्या रविवारी ती एसटीने माहेरी गेली. नागोठणं, गडब, पेण, आणि पेणहून मिनीडोर रिक्षाने आत. काळुराम अंगणात वालाच्या शेंगा निवडत बसला होता. तिने सगळं सांगितलं. त्याने हातातल्या शेंगा सुपात टाकल्या.

“काय दाखवशील गो त्यांना? पानी?”

मिठागर तर केव्हाच बंद पडलं होतं. मागाहून एका मोठ्या उधाणात बांध फुटला आणि भरलेली शेतं खाडीत गेली. आता तिथे तिवरांची खारी झुडपं माजली होती. काळुराम रोज सकाळी बांधावर जाऊन येई, पण कुणाशी त्याबद्दल बोलत नसे.

“पानीच दाखवू, बाबा.”

“मंग एक करू,” काळुराम म्हणाला. “मडक्यात पोपटी लावू. पावने उपाशी नाय गेले पायजेत.”

भेटीच्या दिवशी नूतन पहाटेच माहेरी पोचली होती. निळी साडी नेसली होती, ती दोनदा बदलून परत तीच नेसली. मिनीबस आली, दार उघडलं, आणि टोप्या, कॅमेरे, पाण्याच्या बाटल्या घेऊन माणसं उतरू लागली. लिएन शेवटी उतरली. केस आखूड कापलेले, कानशिलापाशी पांढरे. अंगात फिकट रंगाचा कोट.

नूतन पुढे धावली. लिएनने दोन्ही हात पुढे केले, मिठी मारली, पण मागून कुणीतरी काही विचारलं आणि ती वळून उत्तर देऊ लागली. तिचं इंग्रजी आता धबधब्यासारखं होतं. गटाची प्रमुख तीच होती. “ही आपली नूतन,” तिने सगळ्यांना सांगितलं, “आमच्या तुकडीची,” आणि सगळ्यांनी हसून टाळ्या वाजवल्या.

सकाळ तशीच गेली. नूतन सांगत होती, बांध कुठे होता, पाणी सोडायची उघाडी कुठे होती, भरतीचं पाणी कसं अडवायचे. शब्द अडले की थांबत होती. लिएन तिची वाक्यं पुरी करून इतरांना सांगत होती, अचूक आणि भराभर. नूतनला वाटलं, आपण आपल्याच गावात पाहुणे झालोय. मधूनच ती लिएनच्या चेहऱ्याकडे बघे. ती बोट बुडवून खारं पाणी चाखणारी मुलगी या कोटाच्या आत कुठे असेल?

अंगणात काळुरामने मडकं भरायला घेतलं होतं. तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मध्ये बटाटे नि अंडी, वर पुन्हा पाला. मीठ घालायची वेळ आली तेव्हा त्याने घरातून पुडी आणली आणि दातांनी फोडली.

एका पाहुण्याने विचारलं, हे मीठ इथलंच का?

नूतनने बापाला मराठीत सांगितलं. काळुराम पुडीकडे बघून हसला. “नाय. दुकानातलं. आमचं व्हतं तवा आमी लोकांना वाटलंय.”

नूतनने ते इंग्रजीत सांगितलं. मंडळी हळहळली. लिएन मात्र त्या पुडीकडे बघतच राहिली आणि एकदम म्हणाली, “आमच्या घरीपण.” त्या दिवसात ती पहिल्यांदाच पूर्वीसारखं मोडकं बोलली. नूतनने चमकून तिच्याकडे बघितलं.

मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवला. शेंगा भाजेस्तोवर माणसं सावलीत पांगली. लिएनने कोट काढून बाकावर टाकला, नूतनच्या हाताला धरलं आणि म्हणाली, “चल.”

दोघी उरल्यासुरल्या बांधावर गेल्या. पाणी ओसरत होतं. तिवरांच्या मुळांतून बगळे हिंडत होते. बांधाच्या टोकाला, जिथे तो तुटला होता, तिथे लिएन खाली बसली. नूतनही बसली.

“आई गेली,” लिएन म्हणाली.

“कधी?”

“मागच्या पावसात. शेवटपर्यंत मिठाच्या वाफ्यावर जायची. आता वाफा रिकामा आहे. मी शहरात असते.”

“वार्तापत्रात कसं नाही आलं? मी दर महिन्याला वाचते. तुझं नाव आधी शोधते.”

“त्यात नोकऱ्या, पुस्तकं, बक्षिसं असतात, एम. आई कुठे लिहू?” लिएनने गुडघ्यांवर हनुवटी टेकली. “मीपण दर महिन्याला तुझं नाव शोधते. कधीच नसतं. मला वाटलं, तू रागावलीस. किंवा मेलीस.”

“बातमीच नव्हती गं माझी,” नूतन मराठीतच बोलून गेली, मग थांबली आणि इंग्रजीत जुळवू लागली. काम सुटलं, लग्न झालं, नवरा चांगला आहे, मुलगी आहे, ती चित्रं काढते. सासूबाईंना दिसतं कमी, पण मेल आला की त्यांनाच आधी कळतं. कधी कधी दुपारी शिकवणीची मुलं गेली की खूप शांत होतं, आणि तेव्हा तो पोर्तुगालचा चिखल आठवतो. तेव्हा वाटायचं, आता इथून पुढे सगळं उघडणार. सांगता सांगता तिला कळलं, आपलं इंग्रजी आता अडत नाही. लिएन प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

“मुलीचं नाव?”

“ऋतुजा.”

लिएनने ते दोन-तीनदा म्हणून बघितलं. ते तिच्या जिभेला काही केल्या वळेना. दोघी हसल्या. इतक्या हसल्या की जवळचा एक बगळा उडाला.

आणखी खूप सांगायचं होतं. लिएनचा नवरा, तिचं एकटं राहणं, ते तिने सुरूही केलं होतं, तेवढ्यात अंगणातून हाका आल्या. पोपटी झाली होती. मग पाल्यावर शेंगा ओतल्या, सगळे चटके खात सोलू लागले. काळुराम लिएनच्या पुढ्यात सारख्या शेंगा सारत होता. “खा गो बाय, खा,” म्हणत होता, आणि ती खात होती. मग ड्रायव्हरने घड्याळ दाखवलं. हायवेला ट्रॅफिक लागेल म्हणाला.

बसपाशी लिएनने पुन्हा कोट चढवला होता. “आता तू ये,” ती म्हणाली.

“येते, ची,” नूतन म्हणाली. दोघींना माहीत होतं की हे अगदी विमानतळासारखंच आहे. लिएनने तिचा हात सोडला नाही. आतून कुणीतरी नाव घेतलं तेव्हा सोडला. बस वळून तिवरांच्या आड गेली तरी नूतन उभीच. मागे काळुराम राख गोळा करत होता.

“बरी हाय तुजी मैतरीन,” तो म्हणाला. “पर लवकर गेली.”

“व्हय बाबा. लवकर गेली.”

संध्याकाळी रोहा स्टँडवर धनेश गाडी घेऊन आला होता. अष्टमीच्या पुलावरून जाताना त्याने विचारलं, “भेटली ना?”

“भेटली,” ती म्हणाली आणि त्याच्या पाठीला कपाळ टेकून रडली. त्याने गाडी हळू केली.

पुढच्या वार्तापत्रात पेणचा फोटो होता. सगळे पोपटीभोवती बसलेले, नूतन एका कडेला. खाली पुढचा मेळावा कुठे ते दिलं होतं : व्हिएतनाम, पुढल्या वर्षी, भाताच्या काढणीनंतर. प्रवासखर्चाची सोय काही जणांसाठीच, अर्ज करावेत. नूतनने ते वाचलं, फोन पालथा ठेवला, आमटीला फोडणी दिली, आणि रात्री जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं.

“नंबर लागेल असं नाय,” ती म्हणाली.

“न लागू दे,” कृष्णाबाई म्हणाल्या, “अर्ज कर गो. हिते बसून तुजं मन हिते नसतं, मला काय दिसत नाय व्हय?”

नूतनने मेळाव्यासाठी अर्ज पाठवला. तिचा जुना पासपोर्ट केव्हाच संपला होता. नव्यासाठी अर्ज केला. मार्चच्या उन्हात एका दुपारी पोलीस चौकशीला आला. शिकवणीची मुलं वह्या मिटून त्याच्याकडे बघत राहिली. त्याने पाणी घेतलं, कागद पुढे केला, पत्ता विचारला, सही घेतली. मग सहज म्हणाला, “परदेशात कोण नातेवाईक हायत का?”

नूतनने त्याचं पेन त्याला परत दिलं.

“हाय,” ती म्हणाली. “थोरली बहीण.”