चोवीस नंबर

"एकवीस!"

"बावीस!"

"तेवीस!"

आणि चंदरने 'चोवीस' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारी उभी असलेली ती नवी मुलगी त्याच्या कानाशी पुटपुटली, "काका, मला नंबरच नाही दिलाय."

सकाळचे सात वाजले होते. नॅशनल पार्कात रात्रभर तंबू ठोकून झोपलेली सगळी मंडळी गोलात उभी होती, कुणाच्या हातात चहा, कुणाच्या तोंडात ब्रश. या ग्रुपचा नियम एकदम साधा. सकाळी प्रत्येकाला एक नंबर मिळतो आणि मग दिवसभर जिथे थांबू तिथे लीडर शौनक "काऊंट!" म्हणून ओरडतो, की सगळ्यांनी आपापला नंबर ओरडायचा. माणसं नेहमी चोवीसच, कारण शौनकला त्याहून जास्त जीव सांभाळायचे नसतात. आणि चोवीस नंबर कायम चंदरचा, कारण चंदर सगळ्यांच्या मागून चालतो. एकदोन वर्षं नाही, चौदा वर्षं! कुणाची चप्पल तुटली, कुणाला धाप लागली, कुणी रुसून दगडावर बसलं, की त्याच्या मागे चंदर उभा असतोच. चोवीस ऐकू आलं की विषय संपला. सगळे आले, चला पुढे.

आता ही रुचिका. घाटकोपरची, प्रांजलच्या ऑफिसातली मैत्रीण. काल संध्याकाळी आयत्या वेळी आली, गेटवर तिचं नाव वाढवून घेतलं आणि सगळे विसरून गेले. पहिलाच ट्रेक, पायात नवे कोरे बूट, चेहऱ्यावर नुसती भीती.

"मी खूप स्लो आहे हो काका. मला सोडून गेले तर?"

"कोण सोडून जातंय गो?" चंदर हसला. "एक काम कर, तू चोवीस बोल. म्हणजे माझ्या पुढ्यात राहशील."

"आणि तुम्ही?"

"माझं काय? मी आहेच की."

"अरे चोवीस कुठाय?" पलीकडून शौनक खेकसला.

"चोवीस!" रुचिका ओरडली. शौनकने अंगठा दाखवला आणि निघाले सगळे.

आता खरं सांगायचं तर त्या चोवीस नंबरात चंदरचे दोन बेत अडकलेले होते, आणि हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

एक म्हणजे बोट. डोंगर उतरल्यावर दुपारी पार्कातल्या तळ्यावर कॅनू चालवायची होती. चौदा वर्षांत ग्रुप पहिल्यांदा पाण्यात उतरणार होता. दोघादोघांची लांबट, पिवळी प्लॅस्टिकची होडी. चंदरने आठ दिवस आधी शौनकला फोन करून विचारलं होतं, "बोटीत मी पण आहे ना रे?" तर शौनक म्हणाला होता, "काय काका! चोवीस म्हणजे बारा जोड्या, फिट्ट!" फोन ठेवल्यावर चंदर एकटाच हसला होता. त्याचे वडील गिरणी कामगार, पण मे महिन्यात गावी गेले की मालवणच्या बाजूला खाडीत काकाच्या होडीवर त्याला बसवायचे. शेवटचं वल्हं हातात धरलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. आता त्रेपन्न.

आणि दुसरा बेत म्हणजे हा त्याचा शेवटचा ट्रेक होता. भांडुपच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं होतं, "चढ एकवेळ चालेल, उतार बंद." आणि शेवटी चालणाऱ्याचं सगळं काम उतारावरच तर असतं. तर त्याने ठरवलं होतं, बोटिंग झालं, शेवटचा काऊंट झाला, की चोवीस म्हणायचं आणि लगेच सांगून टाकायचं, 'मंडळी, हा माझा शेवटचा चोवीस.' मग गळ्यातली शिट्टी शौनकच्या हातात द्यायची आणि सॅकमधलं खाजं वाटायचं. आल्याच्या गुळातलं, खास गावावरून मागवलेलं, दोन किलो. वाक्य त्याने घरी आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं होतं. घरात ऐकायला होतं कोण? आई गेली त्याला सहा वर्षं झाली. बहिणींची लग्नं करता करता त्याचं स्वतःचं राहूनच गेलं. मुलुंडच्या रबराच्या कारखान्यात तो स्टोअर सांभाळतो, आणि तिथेही संध्याकाळी सगळे गेले की शटर ओढणारा तोच.

चढ बरा गेला. उतारावर मात्र रुचिकाची वाट लागली. नव्या बुटांनी टाचा सोलल्या, सुक्या पानांवरून पाय सरकला आणि ती फतकल मारून बसली ती बसलीच. डोळ्यांत पाणी. बाकीचे पार खाली पोचलेले, त्यांची बडबडसुद्धा ऐकू येईना.

"तुम्ही जा काका. मी येते मागून."

"मागून? मागची जागा माझी आहे, ती नाय मिळायची तुला," चंदर म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला. बसताना गुडघा असा काही कळवळला की त्याने दात आवळून धरले. "समोर बघ. तो डोंगर दिसतोय? त्याच्या पलीकडे माझं घर. भांडुप. मधे फक्त हे जंगल. पावसाळ्यात आमच्या चाळीच्या मागे माकडं येतात ना, ती इथलीच."

"मग जंगलातूनच चालत जा की घरी."

"गेलो असतो. पण मग तुला कोण बघणार?"

ती नाक ओढत हसली. मग चंदरने गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात ठेवली. पितळेची, दोरी चौदा वर्षांच्या घामाने काळी झालेली. "खाली पोचलो की एकदा लांब फुंकायची. म्हणजे त्यांना कळतं, शेवटचा माणूस आला. आज तू फुंक."

आणि काय फुंकली तिने! तळ्याच्या काठावर बसलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, प्रांजलने धावत येऊन मिठी मारली, आणि त्या गडबडीत शिट्टी राहिली तिच्याच गळ्यात. चंदरने मागितली नाही. एवढी खूश दिसत होती ती.

"चला चला, नंबरप्रमाणे जोड्या!" शौनक घाईत होता. "एक-दोन, तीन-चार! सहा बोटी आहेत, दोन राऊंड!"

चंदरने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. बूट काढून नीट शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या सहा जोड्या गेल्या, आल्या. दुसऱ्या सहा निघाल्या. आणि तेवीस नंबरचा नितेश पुढच्या सीटवर बसत ओरडला, "चोवीस कोण आहे? ये लवकर!"

आता कुठे चंदरच्या डोक्यात प्रकाश पडला.

रुचिका थबकली. "काका, तुम्ही जा ना."

"छे गं, मला काय त्याचं! जा तू." त्याने तिच्या लाइफ जॅकेटचा पट्टा ओढून घट्ट केला आणि होडीला हलकेच धक्का दिला. मग चोवीस जणांचे फोन सांभाळत, अनवाणी, काठावरच्या चिखलात उभं राहून त्याने सगळ्यांचे फोटो काढले.

"काका, एक नंबर फोटो!" शौनक पळत आला. "अरे, तुमचं बोटिंग राहिलं का? सॉरी यार. टाइम संपला. पुढच्या वेळी नक्की हां!"

"शौनक, अरे पुढच्या वेळी मी..."

पण शौनक केव्हाच पुढे गेला होता, बसवाल्याशी फोनवर भांडत.

हरकत नाही, चंदरने स्वतःला समजावलं. बोट राहिली तर राहिली. काऊंट अजून बाकी आहे. बसमध्ये सांगू.

गेटच्या निम्म्या वाटेवर नितेशने कपाळावर हात मारला. "आयला, माझा गॉगल बोटीतच राहिला! काका..."

"तुम्ही व्हा पुढे. मी आणतो."

तळ्यावर धोंडिराम नावाचा म्हातारा बोटी ओळीत लावत होता. त्याने गॉगल काढून ठेवलाच होता. चंदरच्या हातात देताना म्हणाला, "सगळी बसली, तुम्ही नाय बसला. मी बघत हुतो. या की, पाच मिनिटं. आता कोण नाय यायचं."

चंदरने पाण्याकडे पाहिलं. ऊन तिरकं झालं होतं, पाणी अगदी गप्प होतं. मन इतकं ओढ घेत होतं, इतकं! पण तो म्हणाला, "नको मामा. बस थांबलीय. माझ्यासाठी सगळे खोळंबतील."

आणि दुखऱ्या गुडघ्यांनी जमेल तेवढ्या लगबगीने, गॉगल मुठीत धरून, मनातल्या मनात ते वाक्य म्हणत तो गेटवर आला. हा माझा शेवटचा चोवीस, हा माझा शेवटचा...

बस नव्हती.

बस उभी होती तिथे एक भेळवाला गाडी लावत होता. "मिनीबस ना? हवालदार लै बोंबलत होता, गाडी काढा, गाडी काढा. गेली की, पंधरा मिनिटं झाली. आत नंबर ओरडत होती पोरं."

चंदरने फोन काढला. ग्रुपवर शौनकचा मेसेज, 'काऊंट चोवीस. सगळे आले. निघालो.' त्याखाली अंगठे. मग फोटो यायला लागले, एकामागून एक, एकेचाळीस. सगळे त्यानेच काढलेले. त्याने लिहिलं, 'मी गेटवर'. मग पुसलं. आता सगळ्यांना परत फिरवायचं? या ट्रॅफिकमधून? कळेल की त्यांना. आत्ता फोन येईल.

फोन हातात धरून तो वीस मिनिटं उभा राहिला. भेळवाल्याने दोनदा विचारलं, "भेळ देऊ का?"

मग तो वळला आणि परत तळ्यावर गेला.

धोंडिरामने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या मागच्या रिकाम्या वाटेकडे पाहिलं, आणि काही न विचारता साखळी सोडली.

"एकटंच हाय तर फुडं कायतरी वजन ठेवा. न्हायतर नाक वर येतं तिचं."

चंदरने सॅक पुढच्या सीटवर ठेवली. दोन किलो खाजं, ओला टॉवेल, पाण्याची बाटली. तेवढं वजन पुरलं. आधी त्याने वल्हं थाडकन मारलं, होडी गर्रकन फिरली आणि पाणी मांडीवर उडालं. मग हातांना आपोआप आठवलं. वडील म्हणायचे, पाण्याक मारू नको रे, पाण्यात ठेव आणि हळू मागे घे. त्याने वल्हं पाण्यात ठेवलं आणि हळू मागे घेतलं. होडी सरळ निघाली. एक आवाज नाही. तळ्याच्या मधोमध त्याने वल्हं आडवं मांडीवर ठेवलं. त्याच्यापुढे आज कुणीच नव्हतं, नुसती सॅक, पाणी, आणि लांबवर तो डोंगर, ज्याच्या पलीकडे त्याच्या घराला कुलूप होतं.

फोन वाजला तेव्हा तो दचकलाच. अनोळखी नंबर.

"काका, मी रुचिका. तुम्ही कुठायत? मला वाटलं मागच्या सीटवर आहात, सॅकच्या ढिगाआड. नितेशलाही तेच वाटलं. आत्ता पवईला सॅक उतरवल्या तर तुम्ही नाहीच! मी चोवीस ओरडले काका, मीच ओरडले, आणि शौनक म्हणाला चला..." ती रडकुंडीला आली होती. मागून शौनकचा आवाज, "काका, शिट् यार, सॉरी, गाडी फिरवतो!"

"कशाला फिरवता? मी काय हरवलोय?" चंदर म्हणाला. "नॅशनल पार्क मला नवीन नाय. मी येतो माझा. नितेशला सांग, गॉगल आहे माझ्याकडे."

"आणि काका, तुमची शिट्टीपण माझ्याकडेच राहिली. उद्या भांडुपला आणून देऊ?"

होडी आपल्या आपण थोडी वळली. चंदरने वल्हं पाण्यात टेकवून तिला सरळ केलं.

"राहू दे तुझ्याकडेच."

"म्हणजे?"

"म्हणजे ठेव गो. पुढच्या वेळी लागेल तुला. आणि ऐक, उतारावर कुणी बसलं ना, तर उठ म्हणायचं नाय. आधी आपण शेजारी बसायचं."

ती हळूच म्हणाली, "काका, तुम्ही परत येणार नाही का?"

"पाय सांभाळ," तो म्हणाला, "टाचांना खोबरेल लाव," आणि फोन ठेवला.

काठावर आल्यावर त्याने खाज्याचं एक पाकीट धोंडिरामला दिलं. धोंडिरामने एक तुकडा दाढेत धरला, गूळ चघळत सहाही बोटींतून साखळी ओवली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. मग दोघं निघाले. तळ्यावरून फाटकाकडे जाणारी पायवाट एका माणसापुरतीच. तिथे आल्यावर चंदर नेहमीच्या सवयीने बाजूला झाला आणि हात पुढे केला. "व्हा मामा पुढे."

"तुम्हीच व्हा," धोंडिराम म्हणाला. "फाटक मला लावायचंय. समदी भाईर गेल्याबिगर मला जाता येत न्हाई."

चंदरने सॅक खांद्यावर सारखी केली आणि पुढे झाला. मागून सुक्या पानांवर चपला वाजत होत्या. तो थांबला की त्या थांबत होत्या, त्याने गुडघा सावरून पाऊल टाकलं की त्याही पुढे सरकत होत्या, अजिबात घाई न करता. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.